मागचा ठोकळा

चहाची किटली घेऊन ताई नेहमीसारखी गॅरेजच्या उंबऱ्याबाहेर थांबली होती, तेवढ्यात आतून धाकट्या भावाला सांगणारा बाबांचा आवाज आला.

"माळ्यावरचं ते मडगार्ड काढ खाली. ताईनं घालवलेलं."

इतक्या वर्षांत बाबांनी त्या मडगार्डाचा विषय काढला नव्हता… आणि आज काढला तो असा! 'ताईनं घालवलेलं.' जणू त्या पत्र्याचं ते नावच पडलं होतं. तिनं किटली उंबऱ्यावर ठेवली, शेजारी पदराआडून आणलेली साबणाची नवी वडी ठेवली आणि एक पाऊल मागे सरून उभी राहिली. आत तिला जायचं नव्हतं. बाबांनीच तसं सांगितलं होतं, आणि तिनं ते पाळलं होतं.

आत उभी होती ती गाडी… लांब नाकाची, बुटकी, बिनटपाची, दोनच माणसांची. ताई दोन वेण्या घालायची तेव्हा बाबांनी ती भंगारातून ओढून आणली होती. आई तेव्हा हयात होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "घरात माणसं चार आणि गाडीत जागा दोन. म्हणजे निम्म्या घरानं जन्मभर पायीच यायचं म्हणा की." बाबा हसले होते आणि त्याच संध्याकाळी त्यांनी गाडीचं पहिलं चाक सोडवलं होतं.

आई गेली, आणि त्या गॅरेजनंच मग तिघांना सांभाळलं. बाबा शिकवत, दोघं पोरं शिकत. पत्रा सरळ करायचा तर एकानं बाहेरून हातोडी मारायची आणि दुसऱ्यानं आतून, बरोबर त्याच जागी, लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा. धरणाऱ्याला हातोडी दिसत नाही. त्यानं आवाजावर आणि मारणाऱ्यावर विश्वास टाकायचा, बस. ठोकळा जागेवर असला की पत्रा खणखणीत बोलतो, सरकला की थप्प म्हणतो. धाकटा भाऊ डावखुरा, म्हणून घरात सगळे त्याला डावऱ्याच म्हणत. त्याला हातोडीची हौस भारी. ठोकळा मात्र कायम ताईच्या हातात. पण ती जेव्हा क्वचित हातोडी घ्यायची, तेव्हा बाबा हातातलं काम थांबवून ऐकत राहायचे. "हिचा हात देवानं सवडीनं घडवलाय," असं ते एकदा शेजाऱ्याला म्हणाले होते. ताईनं ते ऐकलं होतं आणि आजतागायत जपून ठेवलं होतं.

मग तो दिवस आला. डाव्या बाजूचं मडगार्ड बाबांनी महिनोन्‌महिने खपून हातानं घडवलं होतं. त्याला कुठंसा एक पोचा आला. बाबा बाहेर गेलेले, ताई बाजारात. बाबांना खूश करावं म्हणून डावऱ्यानं एकट्यानंच तो काढायला घेतला. अॅल्युमिनियमचा पत्रा आधी मऊ करावा लागतो. त्यावर साबण चोळायचा, आच द्यायची, साबण तपकिरी झाला की आच काढायची आणि मगच हातोडीला हात लावायचा. या घरातली ती बाराखडी होती. पण घाईत त्यानं पत्रा थंडच ठोकला, ठोकतच राहिला, आणि मडगार्ड ताणून ताणून शेवटी चिरलं.

ताई परतली तेव्हा तो चिरलेलं मडगार्ड हातात घेऊन उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याला दूरच्या शहरात, मोठ्या कारखान्यात शिकायला जायचं होतं. बाबांनीच शब्द टाकला होता. 'आता नाही पाठवणार ते मला,' एवढंच तो बोलला, आणि दारात बाबा उभे राहिले.

"कुणी केलं हे?"

"मी, बाबा," ताई म्हणाली.

बाबांनी हात उगारला नाही. उगारला असता तर बरं झालं असतं. ते मडगार्ड त्यांनी माळ्यावर भिरकावलं आणि म्हणाले, "तू? तेही न विचारता…? आजपासून या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही."

डावऱ्या मूग गिळून गप्प बसला. ताईनंच डोळ्यांनी त्याला तसं बजावलं होतं. राग चार दिवसांत निवळेल असं तिला वाटलं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि लेकही शेवटी त्याच बापाची! त्यांनी बोलावलं नाही, हिनं विचारलं नाही. लग्नासाठी विचारणारे आले नि गेले, केसांत रुपेरी तारा चमकू लागल्या. ती भांडी घासता घासता कान गॅरेजकडे लावून बसे आणि नुसत्या आवाजावरून सांगू शके की आज दार ठोकताहेत की बॉनेट. वडी झिजली असेल असा अंदाज आला की नवी वडी चहाशेजारी ठेवायची. त्या गाडीत तिचा वाटा आता तेवढाच उरला होता. पुढं बाबांची नजर अधू होत गेली, हातोडी थप्प थप्प बोलू लागली, आणि स्वयंपाकघरात हिचा जीव तळमळायचा… की धावत जावं, आत हात घालून ठोकळा धरावा. फक्त ठोकळा. दुसरं काही नको होतं तिला.

आता बाबांना उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नव्हतं, म्हणून डावऱ्या रजा काढून गाडी पुरी करायला आला होता. सगळं जमलं, एक मडगार्ड जमेना. बाहेरून करून आणलेलं बसत नव्हतं. म्हणून आज ते जुनं.

डावऱ्यानं ते खाली आणलं. त्यानं उंबऱ्याकडे पाहिलं. ताईनं मान हलवली… नको.

बाबांनी मडगार्ड मांडीवर घेतलं. तळवा फिरू लागला, चिरेपाशी आला, आणि थांबला. पुन्हा मागे गेला. बोटांनी एकेक घाव चाचपला.

"हातोडी कलली की तिची कड रुतते," ते हळूच म्हणाले. "या सगळ्या कडा उलट्या बाजूला रुतल्यात. ताई उजव्या हातानं मारते." त्यांनी अधू डोळे वर केले. "डावऱ्या… हे घाव डाव्या हाताचे आहेत."

डावऱ्या बाबांसमोर येऊन बसला. "मीच ठोकलं, बाबा. ताईनं मला गप्प बसवलं आणि मी बसलो. तेव्हा भीती होती म्हणून… आणि नंतर, सोयीचं होतं म्हणून. दरवेळी घरी यायचो ते सांगायचं ठरवून. हिला दाराबाहेर चहा घेऊन उभी पाहायचो आणि जीभ टाळ्याला चिकटायची."

बाबांचा हात पत्र्यावरून उचलला गेला नाही.

"जन्मभर तुम्हांला सांगत आलो," ते म्हणाले तेव्हा आवाज फाटला होता, "की पत्रा डोळ्यानं पाहू नका, तळव्यानं पाहा. आणि हा एवढा एक तुकडा मी हात न लावता माळ्यावर टाकला. पोरी… का गं सांगितलं नाहीस?"

"तुम्ही त्याला पाठवलं नसतंत."

"नसतंच पाठवलं."

"मग?" ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण आज ती थांबली नाही. "त्याच्यावर राग नव्हता माझा, बाबा. तुमच्यावर होता. माझा हात तुम्हांला ठाऊक होता. तरी तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की पोरी, हे तुझ्या हातून व्हायचं नाही… एकदा जरी म्हणाला असतात ना!"

"आत ये," ते म्हणाले.

तिनं पाऊल उचललं आणि ते उंबऱ्यावर अडलं. इतक्या वर्षांची आज्ञा हाडांत मुरली होती. "नाही हो उचलत," ती रडता रडता हसली. "पायाला सवय राहिली नाही."

"मग मी येतो."

भिंत चाचपत बाबा उठले. डावऱ्यानं धरू पाहिलं तर त्याचा हात त्यांनी झटकला, मग थांबून स्वतःच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू ती चीर सांध आधी. इतकं शिकलास ते कधी उपयोगी पडायचं?" डावऱ्यानं डोळे पुसत चीर सांधली, ताईनं ठेवलेल्या नव्या वडीचा साबण चोळला आणि आच दिली. साबण तपकिरी झाल्याचं ताईनं बाहेरूनच सांगितलं.

मग अंगणात, उन्हात, घोड्यावर, म्हणजे चार पायांच्या लाकडी आधारावर, मडगार्ड मांडलं गेलं. ताईनं सवयीनं ठोकळ्याला हात घातला. बाबांनी तो तिच्या हातातून काढून घेतला, तिथं हातोडी दिली, आणि स्वतः चाचपडत खाली बसून मडगार्डाच्या आत हात घातला.

"बाबा, लागेल तुम्हांला. मी किती वर्षांत हातोडी धरलेली नाही."

"लागू दे. इतकी वर्षं तू मागे धरलंस. आता मी धरतो. मार."

"आणि गाडी झाली की दोघं बसा," डावऱ्या खालमानेनं म्हणाला. "मी पायी येतो मागून."

ताईनं पदरानं डोळे कोरडे केले, हातोडी उचलली. पत्र्याआड कुठंतरी बाबांचा हात होता, तिला न दिसणारा. तिनं मारली.

पत्रा खणखणीत बोलला. आतून बाबांचा आवाज आला, "जागेवर आहे… पुढं चल."