न मिळालेल्या घड्याळाचं वजन

तिसरी वीट निघाली आणि लिलावाच्या साइटने धाकटीचं खातं बंद केलं.

त्याच दुपारी सायबर शाखेच्या फौजदारबाई दारात उभ्या राहिल्या. दार पुरतं उघडेना. मागे सासऱ्यांची कॉट होती. बाई अंग चोरून आत आल्या.

"जुनी घड्याळं दुरुस्त करून ऑनलाइन लिलावात विकता, त्या तुम्हीच?"

"मीच."

"तीन गिऱ्हाइकांना घड्याळाऐवजी वीट मिळाली. तिघांनी फोटो टाकलेत. चौकशी संपेपर्यंत गाव सोडायचं नाही."

धाकटीने मान हलवली. तिला गावच सोडायचं होतं. नवरा गेल्यापासून ती सासरच्या मागच्या खोलीत होती. खिडकीच्या बाहेर हातभरावर पलीकडच्या इमारतीची भिंत. दुसऱ्या शहरातल्या एका घड्याळवाल्याने तिचे अभिप्राय वाचून तिला बोलावलं होतं. दुकानात काम, वरच्या मजल्यावर राहायला खोली. काल त्याचाच निरोप आला होता: विटांचं प्रकरण मिटलं तर कळवा.

"खोका कसा भरता, दाखवा," बाई म्हणाल्या.

"आधी नुसतं घड्याळ तोलायचं. त्यावरून खोका किती जाड घ्यायचा ते ठरतं. मग कागदाचे बोळे, खोका, चिकटपट्टी."

"कुरिअरचं भाडं वजनावर घेता?"

"पूर्वी घ्यायचे. लोक हुज्जत घालायचे. आता सगळ्यांना एकच भाडं. वरचं मी सोसते."

"मग वजन साइटवर टाकत नसाल?"

"कुठेच टाकत नाही."

"खोके कुरिअरकडे कोण नेतं?"

"भाऊजी. घड्याळं धुवायच्या रॉकेलचा वास त्यांना सोसत नाही. ते दारातूनच उचलतात."

थोरली जाऊ चहा घेऊन आली. तिने धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला.

"बाई, हिच्या हातून असलं व्हायचं नाही. पाठच्या बहिणीसारखी आहे मला. भिंग लावून बसली की हिला जगाची शुद्ध नसते. वजनाचा काटा मी वाचायचा, मामंजींच्या हाका मी ऐकायच्या. दोघी मिळून ओढतोय हा गाडा."

बाईंनी चहा घेतला आणि दिराला बोलावलं. तो उंबऱ्यातच थांबला.

"वाटेत कधी खोके उघडलेत?"

"मी कशाला उघडू?"

"कुरिअरकडे थेट जाता?"

त्याने बायकोकडे पाहिलं. "थेटच."

"खरं सांगा."

"पत्ते खेळायला बसतो थोडा वेळ. मित्राच्या गॅरेजमध्ये."

"तेव्हा खोके?"

"स्कूटरच्या डिकीत. कुलूप बिघडलंय."

धाकटी त्याच्याकडे बघतच राहिली. थोरलीने कपाळाला हात लावला.

"कुरिअरवाला वजन करतो?"

"बंद खोक्याचं. चिठ्ठीवर आकडा नसतो. पत्ता आणि काळ्या रेघा, एवढंच."

बाईंनी मोबाइल काढला आणि तिन्ही अभिप्राय मोठ्याने वाचले. पहिला दोन शब्दांचा. दुसऱ्यात शिव्या होत्या. तिसरा असा: 'एक किलो आठशे चाळीस ग्रॅमच्या घड्याळाचं एवढं भाडं उकळलं, आणि पाठवलं काय, तर वीट.'

"हे वजन बरोबर आहे?" बाईंनी विचारलं.

"आठवत नाही," धाकटी म्हणाली. "पण त्या घड्याळाचं असू शकेल. पितळी होतं."

बाई निघून गेल्या. दिराने त्या संध्याकाळी घरात कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. धाकटीने गाठोड्यातले कपडे परत फळीवर लावले. भिंतीकडे पाहत ती बराच वेळ बसली होती.

दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या. सगळ्यांना सासऱ्यांच्या कॉटजवळ बसवलं. दुसरीकडे जागाच नव्हती.

"काल माझा संशय तुमच्यावर होता," त्या दिराला म्हणाल्या. "उघडी डिकी, पत्त्यांचा डाव. पण वाटेत खोका कुणीच उघडला नाही. घड्याळं व्यवस्थित पोचली."

"मग विटा?" धाकटीने विचारलं.

"पोचल्यावर ठेवल्या. फोटोपुरत्या. तिसरा अभिप्राय पुन्हा आठवा. ज्याला घड्याळ मिळालंच नाही, त्याने ते तोललं कधी?"

थोरली पदराला पीळ घालू लागली.

"मिळालेलं घड्याळ त्याने स्वतः तोललं असेल, म्हणजे तो खोटारडा. किंवा वजन त्याला कुणी सांगितलं असेल. साइटवर ते नाही, चिठ्ठीवर नाही. कुरिअरवाल्याला खोक्यासकटचं माहीत. नुसत्या घड्याळाचं वजन या खोलीत कळतं. आणि काटा वाचणारं माणूस एकच आहे."

थोरलीच्या हातातला पदराचा पीळ सुटला.

"तिन्ही पत्ते पार्सल ठेवून घेणाऱ्या दुकानांचे निघाले. मी कॅमेरे पाहिले. तिन्हीकडे एकच माणूस. तुमचा भाऊ, थोरल्याबाई. घड्याळं तुमच्या माहेरी मिळाली. एकावरही ओरखडा नाही."

"ओरखडा कसा येईल," थोरली हळूच म्हणाली. "परतच करायची होती. हिचं जाणं मोडलं की."

"ताई, तुम्ही?"

"तू जायचं ठरवलंस, तेव्हा कुणी मला विचारलं? मामंजींना उठवायचं, बसवायचं, पुसायचं. रात्र नाही, दिवस नाही. तू होतीस म्हणून दोन घटका पाठ टेकत होते. तू गेलीस की हे सगळं एकटीच्या गळ्यात. मी कुठे जाऊ? मला कोण बोलावणार खोली देऊन?"

धाकटीचे डोळे भरले. ती उठून थोरलीजवळ गेली आणि तशीच उभी राहिली.

"तक्रार लिहून घेऊ?" बाईंनी विचारलं. "खातं सुरू होईलच. पुढचं तुमच्यावर आहे."

"ताई, माझ्याशी बोलला असतात तर मी थांबलेही असते," धाकटी म्हणाली. "म्हणूनच आता थांबणार नाही." ती बाईंकडे वळली. "लिहून घ्या. जे झालं तेवढंच लिहा."

"लिहा, बाई," थोरली म्हणाली. "निदान कुणीतरी विचारेल मला, का केलंस म्हणून."

बाई लिहू लागल्या. दीर इतका वेळ खाली मान घालून बसला होता. त्याने घसा साफ केला आणि दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"बाबांची दुपारची गोळी," त्याने विचारलं, "कुठली असते?"