मखमलीतली सवत

कंदिलाची वात बारीक करून गुरुबसप्पा ओट्यावर टेकले, की घरातली पोरं आपोआप जवळ सरकत. दाराआड नव्या सुनेच्या बांगड्या वाजत; त्या ऐकू येत नाहीत असं ते दाखवत.

"ही ऐकीव न्हाय," ते म्हणाले. "नव्या पेठेतल्या सराफाचा गाडीवान, रावजी, माझा दोस्त. त्याच्या घरात घडलेली. पौषातली अवस, मंगळवार. सांगू?"

"सांगा की," त्यांचा पुतण्या तिप्पण्णा म्हणाला, आणि त्यानं पाय पोटाशी घेतले.

त्या दिवशी पहाटेच रावजीनं गाडी जुंपली. मोहोळच्या अलीकडं एका राजघराण्याची शेरी होती. शेरी म्हणजे त्यांची खासगी जमीन. संस्थान निराळं, ही घरची. तिथं सराफाची एक डबी पोचवायची आणि बायकोला, केराबाईला, पुढं माहेरी सोडायचं, एवढंच काम.

डबीत सोन्याचा टाक होता, म्हणजे मेलेल्या माणसाची प्रतिमा ठोकलेला पत्रा. थोरल्या राणीसाहेब वारल्या, राजेसाहेबांनी दुसरं लग्न केलं. मेलेल्या सवतीचा टाक नव्या बाईनं गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, मगच नेसायचं. नाहीतर सवत संसार करू देत नाही. राणीला हे चुकलं नाही, तर गाडीवानाच्या बायकोला कुठलं चुकायला? केराबाईही दुसरेपणाचीच. तिच्या गळ्यात बजाबाई होती. रावजीची पहिली. तांब्याची.

दिवस कलला तेव्हा शेरीची शीव लागली. आधी लिंबांची बाग.

"हे कुनाचं वो?"

"खासगीचं."

मग ऊस. मग विहिरी, एकेकीवर चार-चार मोटा. आमराई. पागेतली घोडी रावजीच्या घरापेक्षा ऐसपैस राहत होती. मग तलाव, काठाला बंगला, बंगल्यात विजेचे दिवे.

"हेबी?"

"खासगीचंच की. समदं धाकट्या राणीसाहेबांच्या नावावर केलंय म्हनं."

केराबाई तलावाकडं बघत राहिली. धाकट्या राणीचं आणि हिचं लग्न एकाच वैशाखातलं. दोघी बिजवरांना दिलेल्या. तिला तलाव मिळाला. आणि हिला? बजाबाईची दोन जुनी लुगडी, कोपरावर ठिगळ लावलेली चोळी. आत नुसतं जळत होतं. शेरी संपता संपेना. अंधार पडला तरी संपेना.

रावजी बैलांना पाणी पाजायला उतरला. हिनं डबी उघडली. घटकाभरच, असं मनाशी म्हणाली. तांब्याची बजाबाई लाल मखमलीवर ठेवली आणि सोन्याची राणी गळ्यात बांधली.

तेवढ्यात बंगल्याकडून कंदील आला. कारभाऱ्यांचा शिपाई.

"सराफाची डबी ना? आणा."

रावजीनं हात घालून डबी दिलीसुद्धा. आता बोलावं तर चोर. केराबाईनं पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

गाडी माहेरच्या वाटेनं पुढं निघाली.

"गाडी फिरव."

बाईचा आवाज. हुकमाचा. अगदी कानाशी.

"धनी... तुमी काय म्हनलात?"

"मी? न्हाय."

बैल थांबले. रावजीनं शेपट्या पिरगाळल्या. हलेनात.

टाक गार पडला होता. विहिरीच्या तळासारखा गार. आणि जड... मान खाली ओढत होता.

गाडीत अंथरलेलं शेजारचं गवत दबलं. कुणी बसल्यासारखं.

"माझ्या बंगल्यात ती तांब्याची... अन् मी इथं? गवतावर?"

केराबाईनं किंकाळी फोडली. मग सगळं सांगून टाकलं.

रावजीनं गाडी फिरवली. बैल असे पळाले, की आसूड लागला नाही.

बंगल्याच्या दारात कारभारी उभे होते. शिव्या खायच्या तयारीनं रावजी वाकला. पण कारभाऱ्यांनी घाईनं हात पुढं केला. सोन्याचा टाक घेतला. तांब्याचा, चिमटीत धरून, लांबूनच दिला.

"घेऊन जा हिला," एवढंच म्हणाले. "लवकर."

आत काय झालं होतं... कुणी विचारलं नाही.

गुरुबसप्पा थांबले. चंचीतून सुपारी काढली, पण तोंडात टाकली नाही.

"मग पाडव्याला केराबाईनं नवं लुगडं आनलं. सुती, सोलापुरी. टाकाला दाखवून रातभर देव्हाऱ्यापुढं ठेवलं. सकाळी बघती तर उंबऱ्याबाहेर. पुन्ना आत ठेवलं. पुन्ना बाहेर."

"मांजर असंल," तिप्पण्णा म्हणाला.

"घडी मोडल्याबिगर नेतंय व्हय रं मांजर?"

दाराआडच्या बांगड्या उंबऱ्यापासून आत सरकल्या.

"घटकाभर मखमलीवर निजली, आता सवत सुती घेत न्हाय, मग ती कशी नेसनार? जुन्यावरच हाय बिचारी. परवा मी रावजीकडं गेलतो, सकाळच्या पारी. दार अजून उघडायचं हुतं..."

"मग?"

"आतून कडी. अन् उंबऱ्याबाहेर लुगडं. घडी जशीच्या तशी."

त्यांनी सुपारी परत चंचीत टाकली.