घडीच्या खाटेची दुसरी तक्रार

दर्लिस सुताराच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती भांडायलाच.

"तुमच्या खाटेवर दुपारी आंब्याखाली जरा अंग टाकलं," मी म्हणाले, "आणि घरंगळले ती थेट कोंबड्यांत."

त्याने खाटेचे फुलीसारखे पाय उघडून पाहिले. "एका पायाचं भोक बोटभर खाली पडलंय, बाई. चूक माझीच."

चूक इतक्या सरळ कबूल करणारा पुरुष आमच्या पिरिबेबुई गावात मला ठाऊक नव्हता. भांडण राहिलं बाजूला, माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. फळीवर खडूने आकृती काढत मी म्हटलं, "हे दोन पाय म्हणजे कर्ण. कर्णांनी एकमेकांना बरोबर मध्ये छेदलं की चौकोन समांतरभुज. मग खाट जमिनीला समांतर राहणारच."

"सहावीत शाळा सोडली मी... तेव्हा तुम्ही नव्हता ना शिकवायला."

त्याने तेरेरे, म्हणजे आमचा थंडगार पाल्याचा चहा, भरून शिंगाचा पेला पुढे केला. मी प्यायले, पेला परत दिला आणि आभार मानले. आमच्याकडे आभार मानले की 'आता पुरे'. त्याने पुन्हा भरून दिलं नाही, आणि घरी जाईपर्यंत मला चुटपुट लागून राहिली.

खाट अगदी सपाट झाली. शनिवारी मला ती घेऊन बदलीवर, दूर चाकोच्या ओसाड मुलखातल्या नव्या शाळेवर जायचं होतं. शुक्रवारी मी तीच खाट उचलून पुन्हा त्याच्या दारात!

"अजून कलते," मी धडधडीत खोटं बोलले.

दर्लिसने सुतळी घेतली. खिळ्यापासून वर मोजलं, खाली मोजलं. मग दुसरा पाय. घाई म्हणून नाहीच.

"हे अर्धं त्या अर्ध्याएवढं. इकडेही तसंच. म्हणजे समांतरभुज, म्हणजे खाट सपाट," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत, बाई. मग तक्रार कशाची?"

माझे कान तापले.

"उद्याच्या बसची," मी म्हणाले. "मला... तुमची फार आठवण येईल, दर्लिस."

तो सुतळी बोटाला गुंडाळत राहिला. मग हळूच म्हणाला, "चाकोची जमीन भुसभुशीत. तिथे खाट कलणारच. महिन्यातून एकदा बघायला यावं लागेल."

"अख्खा दिवस जातो बसमध्ये."

"जाऊ दे की."

त्याने पेला भरून दिला. मी प्यायले, परत केला. तो माझ्याकडे बघत थांबला.

मी आभार मानले नाहीत. त्याने पुन्हा भरला.