संजाची गाडी

मथुराबाई त्या दिवशी दुपार कलल्यावर घरातून निघाली ती काही भांडायला नव्हे. शेणाची एक संजा परत आणायची, एवढंच काम. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, रिकामं टोपलं काखोटीला मारलं आणि राजघाटाच्या आळीतून शाळेचा रस्ता धरला. एवढ्याशा कामात भुताखेताचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. मीही आधी तसंच म्हटलं होतं.

आमच्या बुऱ्हाणपुरात पितृपक्ष लागला की पोरी संध्याकाळी भिंतीवर शेणानं संजा काढतात. रोज नवी आकृती, वर फुलांच्या पाकळ्या चिकटवलेल्या. बाकी काहीही काढा, पण वरच्या दोन कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र हवेतच. शेवटी मोठा किल्लाकोट काढतात, त्याच्या दाराशी बैलगाडी, कारण सर्वपित्री अमावस्येला संजा सासरी जाते. भिंतीवरचं सगळं खरवडून टोपल्यात घ्यायचं आणि दिवेलागणीला तापीत सोडायचं. त्यानंतर तिला घरात ठेवायची नाही. का नाही, हे कुणी विचारत नाही. निघालेल्या लेकीला दारात कोण अडवून धरतं?

गजानन मास्तरांनी अडवून धरली.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. तेव्हा नवं राज्य जुळत होतं, राजधानी नागपूरहून भोपाळला चालली होती, आणि जो तो त्या गडबडीत आपली खुर्ची शोधत होता. ‘सूर्य-चंद्र असेपर्यंत राज्य टिको’ म्हणून सूर्य-चंद्रांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायची टूम मास्तरांचीच. मोठे साहेब बघायला येणार होते. अमावस्येच्या सकाळी मथुराबाई पितरांचं पान ठेवायला घाटावर गेलेली, नवरा देडतलाईला कापसाच्या कामाला. घरी एकटी कोकिळा, अकरा वर्षांची पोर. मास्तरांनी खुरपं लावून भिंतीच्या लिंपणाचा थरच्या थर सोडवला आणि फळीवर घेतला. घाईत उजव्या अंगठ्याचं नख मधोमध फाटलं. रक्ताचा थेंब पडला तो नेमका चंद्रावर.

“मास्तर, आज तिले सासरी धाडायचं आहे,” कोकिळा म्हणाली.

“अगं वेडे, एवढी कला नदीत बुडवतेस? दोन दिवसांत परत देतो.”

त्या दोन दिवसांचा महिना झाला, दिवाळी तोंडावर आली. कोकिळा दिवसभर अंथरुणाला खिळून असायची. दिवेलागणीला मात्र आपणहून उठायची, वेणी घालायची आणि कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसायची. अन्नाचा कण पोटात नाही. हात इतके वाळले की बांगडी कोपरापर्यंत सरके. केसांना ओल्या शेणाचा वास. आईला ती आई म्हणेना.

“बाई… गाडी नाही आली का अजून?”

मथुराबाई मास्तरांच्या दारी जायची आणि “उद्या देतो” ऐकून परत यायची. आळीतल्या बायका म्हणायच्या, शिकलेला माणूस आहे, आवाज चढवू नको. ती गिळायची. गिळलेला राग पोटात कुठं जातो कोण जाणे. तिच्या तो तळपायात साठला असावा, कारण त्या दुपारी ती चालत होती तेव्हा रस्त्यावरची कुत्री बाजूला होत होती.

शाळेत प्रदर्शन मांडलेल्या हॉलच्या दारात चौकीदार भाईदास बसला होता. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नसे त्याचा. आज पायरी सोडून आत जायला तयार नव्हता.

“मौसी, तुमीच करून गेल्या का हे?” तो हळूच म्हणाला.

“काय करून गेली?”

“अंदर जाऊन पाहा. मी नाही येत बाप्पा.”

आत भिंतीभर चित्रं. तेलरंगातला चंद्र, रेशमाच्या टाक्यांचा चंद्र, कुणा वकिलाच्या बायकोनं टिकल्यांचा केलेला चंद्र. आणि प्रत्येक चंद्रावर शेणाचा हात. लहान, पाच बोटांचा, रागानं थापलेला. सूर्याला कुठं डाग नव्हता.

समोर मथुराबाईच्या घरची संजा. महिना झालेलं शेण वाळून भेगाळायला हवं होतं. ते ओलं होतं. पाकळ्या आत्ता तोडल्यासारख्या टवटवीत. आणि उजवा कोपरा रिकामा. चौकोनी, नीट कापलेला.

“चंद्र कुठी आहे?”

मास्तर मागं उभे होते. एका हातात ओलं फडकं, दुसरा हात कोटाच्या खिशात.

“आधी हे सांग, हा धुमाकूळ कुणाचा? तुझाच ना?”

“माहे हात पाहा.” तिनं दोन्ही पंजे त्यांच्या नाकासमोर धरले. “हे हात एवढेसे आहेत का? चंद्र कुठी आहे माह्या पोरीचा?”

“पडला. चुरा झाला, झाडून टाकला.”

साफ खोटं. रक्ताचा तो लाल ठिपका मास्तरांच्या मनात भरला होता. तो चंद्र त्यांनी घरच्या पेटीत ठेवला होता, साहेबांना भेट द्यायच्या आपल्या चित्रात बसवायला. मथुराबाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण महिनाभर एकाच माणसाचं खोटं ऐकलं की कान तयार होतात.

तिनं फळी उचलली. मास्तरांनी दुसरं टोक धरलं.

“बाई, उद्या साहेब येतायत! माझी भोपाळच्या बदलीची ऑर्डर अडकेल!”

“तुमची ऑर्डर येईल हो. माह्या दारी गाडी येऊन राह्यली, तिले मी काय सांगू?”

तिनं फळी अशी हिसकली, की मास्तर टिकल्यांच्या चंद्राखाली जाऊन बसले. भाईदासनं दार उघडून धरलं आणि नजर जमिनीवर ठेवली.

फळी टोपल्यात आडवी, टोपलं डोक्यावर, वाटेत घरच्या उंबऱ्यावरून उचललेली पोर कडेवर. अशी ती राजघाटाच्या पायऱ्या उतरली तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. कोकिळेचं वजन गाठोड्याएवढंही नव्हतं. मथुराबाईनं तिला पायरीवर बसवलं आणि फळी पाण्यात सोडली.

तापीनं ती घेतली नाही. वाहत्या पाण्यात फळी जागच्या जागी उभी राहिली. रिकामा कोपरा काठाकडे.

मग घुंगरं वाजली.

बैलांच्या गळ्यातली, सावकाश, वरून पायऱ्या उतरत येणारी. गाडी नव्हती. ओल्या कडब्याचा वास होता, आणि मथुराबाईच्या मानेवर बैलाचा ऊन श्वास. कोकिळा उठली. गाठोडं छातीशी धरून पाण्याकडे निघाली.

“कोके… कुठी चालली?”

“सोड ना बाई… उशीर झाला…”

मथुराबाईनं तिची वेणी मुठीत पकडली. आतून जे वर आलं ती भीती नव्हती. महिनाभराचा गिळलेला जाळ होता.

“ऐ गाडीवाल्या!” ती रिकाम्या घाटावर ओरडली. “माह्या पोरीनं तुले काय केलं रे? चंद्र माह्यापाशी नाही! ज्याच्या घरी चंद्र आहे त्याच्या दारी जाय! त्याले ने!”

घुंगरं थांबली. बराच वेळ नुसतं पाणी वाजत होतं. मग घुंगरं वळली, आणि पायऱ्या चढून मास्तरांच्या आळीकडे गेली. फळी एकदम बुडाली.

“आई,” मागून आवाज आला, “भूक लागली वं. भाकर दे ना.”

सकाळी गजानन मास्तर घरात नव्हते. चपला उंबऱ्यापाशी, टोकं रस्त्याकडे करून जोडीनं ठेवलेल्या. पेटी सताड उघडी, तळाशी चार ओल्या पाकळ्या. त्यांच्या दारापासून घाटाच्या पायऱ्यांपर्यंत दगडावर चाकांच्या दोन ओल्या रेघा होत्या. ऊन चढलं तरी त्या वाळल्या नाहीत. लोक म्हणाले, भोपाळची ऑर्डर आली असेल, रातोरात गेले असतील. तेव्हा माणसं जातच होती, कुणाला नवल वाटलं नाही. पण मथुराबाईला राग आला की शेजारणी अजून तिच्यासमोरून आपली पोरं उचलतात.

पुढल्या वर्षी पितृपक्षात कोकिळेनं पुन्हा संजा काढली. धट्टीकट्टी झाली होती पोर. सकाळी मथुराबाई भिंत पाहायला गेली. सूर्य जसाच्या तसा होता. चंद्राच्या मधोमध एक अंगठा उमटला होता. बाहेरून दाबलेला नव्हे. आतून कुणी रेटावा तसा वर आलेला, मोठ्या माणसाचा, नख मधोमध फाटलेलं.

तिनं खरवडायला हात लावला. शेण रात्रीत थंडगार झालं होतं.

नख कोमट होतं.