अठराव्या मिनिटाला

"हा दिवा फार वटवट करतोय. चिकटपट्टी आण रे!" पायलटकाका विमानात बसल्या बसल्या ओरडले.

मामाच्या मुलाने, म्हणजे चष्म्याने, काळी पट्टी नेऊन दिली. पेट्रोलचा दाब कमी झाला की पेटणाऱ्या लाल दिव्यावर काकांनी तिचा एक तुकडा टपकन चिकटवला.

"संपली कटकट! दाबाचा काटा खोटा, फ्लोचा आकडा खोटा, आणि हा दिवा त्यांचा मावसभाऊ! रविवारी तळ्यापलीकडे खुशाल चक्कर मारून ये."

"मारतोच!" मामा म्हणाला.

शेडच्या दारात उभी असलेली त्याची भाची गोचीड हे सगळं ऐकत होती. गोचीड हे काही तिचं खरं नाव नव्हे हं! एकदा प्रश्न धरला की ही पोरगी सोडत नाही, म्हणून मामानेच ते ठेवलं होतं. तिच्या धाकट्या भावाचं नाव भोंगा. का, ते त्याने तोंड उघडलं की कळायचं.

सात वर्षं मामा या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधत होता. त्यातल्या तीन सुट्ट्या गोचिडीची आई, म्हणजे मामाची ताई, तिथे राबली होती. टाकीपासून इंजिनापर्यंतचे ॲल्युमिनियमचे पाइप तिने स्वतः लाकडी ठोकळ्यावर वाकवून बसवले. प्रत्येक चाचणीचे आकडे निळ्या वहीत टिपले. आणि मग गेल्या महिन्यात वर आकाशात, बरोबर अठराव्या मिनिटाला, दाबाचा काटा कोसळला. इंजिन खोकलं. मामा कसाबसा खाली उतरला आणि दहा माणसांसमोर आईवर खेकसला, "तुझे पाइप, ताई! जमत नव्हतं तर हात कशाला घातलास? जीव गेला असता माझा!"

त्याच दिवशी त्याने ते पाइप उपटून भंगाराच्या पिंपात फेकले. तेव्हापासून आईने शेडची पायरी चढली नव्हती.

बरं, बाजारातून नवे पाइप आणले, तरी काटा पडला. नवा पंप बसवला, तरी पडला! तेव्हा मामाने ठरवलं की काटाच खोटा. पण "ताई, तुझे पाइप चांगले होते गं," असं कुणी म्हणालं का? नाव नको! गोचिडीला याचाच संताप यायचा. इतका, की ती मामाशेजारी जेवायला बसतच नसे.

दुपारी तिघं जिन्याखाली निळी वही उघडून बसले.

"मामाने ही वाचली नाही?" भोंग्याने विचारलं.

"बाबा म्हणतात, विमान मी बांधलं, मला वही कशाला हवी?" चष्म्या म्हणाला.

"हे बघा!" गोचिडीचं बोट एका ओळीवर थांबलं. "छप्पन्न मिनिटं उडवलं, काटा जागेवर. पेट्रोलचा फ्लो तासाला अठरा लिटर. पाइप आईचेच! मग इथे लिहिलंय, पंखांना रंग दिला. आणि त्याच्या पुढच्याच उड्डाणात काटा पडला!"

"रंगाने दाब कसा कमी होईल? काहीतरीच!"

"मग जमिनीवर का नाही पडत?"

"जमिनीवर दहा मिनिटंच चालवतात," चष्म्या म्हणाला. " आणि त्याआधी टाकीचं टोपण उघडून, पट्टी बुडवून पेट्रोल मोजतात. उघडलं की कसं फुस्स होतं..."

एवढ्यात कडाककन आवाज झाला! भोंगा ओठ घट्ट लावून बाटलीतलं पाणी ओढत होता आणि बाटली दोन्ही बाजूंनी आत गेली होती.

"अरे गाढवा, हवा जाऊ दे की आत! नाहीतर पाणी येईल कसं?" चष्म्या म्हणाला. "थांबा! टाकीतही हवा जायला नको?" तिघांनी बाटलीकडे पाहिलं. मग तिघंही शेडकडे धावत सुटले.

टाकीत हवा जायची नळी पंखाखाली होती, बोटाएवढ्या तोंडाची. पण तोंड होतं कुठे? तिथून मामाचा लाडका लाल पट्टा गुळगुळीत गेला होता. गोचिडीने बोट फिरवलं. रंगाखाली कागदी चिकटपट्टी लागली!

"रंग आत जाऊ नये म्हणून बाबांनी लावली होती. मी पाहिलंय. काढायची विसरले आणि वरूनच रंग मारला," चष्म्या हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काढून टाकू गुपचूप!" भोंगा म्हणाला.

"मुळीच नाही! काटा सुधारला की मामा म्हणेल, बघा, नव्या पाइपांचा गुण! आईचं काय?"

संध्याकाळी त्यांनी मामाला सांगून पाहिलं. मामाने ऐकून तरी घ्यावं!

"सात वर्षं विमान मी बांधतोय की तू? माझ्या रंगाला नख लावलंत तर तंगड्या मोडीन!"

"पोरांना शेडमध्ये घेतलं की असं होतं," पायलटकाका हसले. "आधी बहीण, आता भाची!"

रविवार उजाडला. पेट्रोल काठोकाठ भरलं, टोपण घट्ट लावलं, आणि पाहतात तो किल्ली गायब!

"माझ्याकडे आहे," गोचीड म्हणाली. तिने मूठ काही उघडली नाही. "चाकांना ठोकळे लावा. पंचवीस मिनिटं इथेच इंजिन चालवा, वर चालवता तितक्या जोरात. टोपण न उघडता. काटा पडला नाही तर पुन्हा शेडमध्ये पाऊल टाकणार नाही."

"इंजिन तापेल!" पायलटकाका गुरगुरले.

"हवा गार आहे. आणि काटा खोटाच आहे ना? मग भीती कसली, काका?"

बघायला जमलेली माणसं हसली. मामाला तेच झोंबलं. "दे किल्ली! एकदाची हिची हौस फिटू दे!"

मुलं पांढऱ्या रेघेमागे उभी राहिली. भोंगा घड्याळ पाहून मिनिटं ओरडत होता. इंजिनाच्या आवाजावर मात करणारा गळा त्या एकाचाच होता! दहा झाली. पंधरा झाली. पायलटकाकांनी जांभई दिली.

"सतरा!"

दाबाचा काटा थरथरला. फ्लोचा आकडा अठरावरून बारावर आला, मग सातवर. इंजिनाने दोन आचके दिले आणि पंखा थांबला.

याच घटकेला मामा तळ्यावर असता, हे सगळ्यांनाच कळलं होतं.

"आता टोपण उघडा," गोचीड म्हणाली.

मामाने ते फिरवलं. फुस्स्स! टाकीने हवा ओढली. किल्ली फिरवताच इंजिन पुन्हा सुरू झालं, काटा तुरुतुरु वर चढला. मग मामानेच पंखाखाली वाकून रंग खरवडला आणि पट्टी ओढून काढली. ती त्याने खिशात कोंबली.

"शाब्बास!" मग तो मोठ्याने म्हणाला. "आमच्याच घराण्याचं डोकं! मामावर गेलीय पोरगी!"

"सलाम, बाईसाहेब!" पायलटकाकांनी कपाळाला हात लावला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. भोंगा मान ताठ करून उभा होता.

गोचीड मात्र दाराकडे पाहत होती. भोंग्याचा आरडाओरडा ऐकून आई तिथे येऊन थांबली होती, पायरीच्या खालीच.

"ताई, पोरं हुशार आहेत हं तुझी!" मामा म्हणाला. बस्स, एवढंच.

"आणि पाइप?" गोचिडीने विचारलं.

"कुठले पाइप? अगं, झालं गेलं ते! आता कशाला उकरतेस?"

गोचिडीने पिंपातून एक पाइप ओढून काढला आणि आईला नेऊन दिला. आई पायरी चढून आत आली. पाइपचं तोंड उजेडाकडे धरून तिने आरपार पाहिलं.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली.

मग तिने निळी वही मागून घेतली, त्यात तारीख घातली आणि लिहिलं, 'हवेची नळी रंगाखाली बंद होती. मोकळी केली.' वही मिटून तिने मामाच्या हातात ठेवली.

"यापुढचं तू लिही."

"ताई, अगं, असं काय करतेस..." मामाचा आवाज पडला. पण ती पाइप घेऊन केव्हाच पायरी उतरली होती. गोचीड तिच्यामागून गेली.

दुपारी मामा तळ्यापलीकडे पन्नास मिनिटं उडून आला. काटा जागचा हलला नाही, असं चष्म्याने जेवताना सांगितलं. निळ्या वहीत मात्र ते कुणीच लिहिलं नाही.