रिकाम्या जागेचा प्रसारांक

प्रयोगशाळेच्या पडद्यावर एका संदेशाची वंशावळ उलगडत होती आणि डॉ. हेमांगी तांडेल तिच्याकडे बघायचं टाळत होती.

"शुक्रवारी न्यायाधीशांना हे असं सांगणार आहे. चुकलं तर टोका, मॅडम," तिचे सहकारी डॉ. इस्माईल मुकादम म्हणाले. "सतरा देश, एकवीस भाषा, मजकूर एकच. 'शेजारचे आपली मासळी उपसून नेतात. सरकार हे लपवतंय. पुढे पाठवा.' फक्त शेजारी तेवढा बदलतो."

हिंदी महासागराच्या काठच्या सतरा देशांनी मिळून एक महासभा निवडायची, ही पहिलीच वेळ होती. विणीच्या हंगामात सगळ्यांनी एकदम जाळी वर ठेवायची, हा तिचा पहिला कायदा होणार होता. पण याच संदेशाच्या जोरावर निवडून आली ती 'आपला किनारा' ही आघाडी. सतरा देशांतले कडवे देशाभिमानी, एकमेकांना शिव्या घालण्यासाठी मोठ्या प्रेमानं एकत्र आलेले. प्रचाराच्या धामधुमीत श्रीलंकेच्या एका नौकेवर दगडफेक झाली आणि लसंथा नावाचा खलाशी मेला. त्याला दोन मुली होत्या. निवडणूक रद्द करायची की नाही, हे महासभेचं न्यायपीठ शुक्रवारी ठरवणार होतं. त्याआधी तो संदेश कुणी सुरू केला, हे रत्नागिरीच्या या प्रयोगशाळेनं शोधून द्यायचं होतं.

"संदेश मिळालेला माणूस तो सरासरी किती जणांना पाठवतो, तो प्रसारांक," मुकादम पुढे म्हणाले. "एकाच्या वर गेला तर संदेश पसरतो, खाली राहिला तर विझतो. खऱ्याखोट्याचा इथं काही संबंध नाही. संदेशात 'आपण' हवेत, 'ते' हवेत आणि कुणीतरी काहीतरी लपवलेलं हवं. 'ते' कोण, हे ज्याचा तो आपल्या सोयीनं ठरवतो. ठरवता आलं नाही, तर संदेश त्या गावात मरतो. आता वंशावळ. हातोहात जाताना एखादा शब्द बदलतो, त्या बदलांवरून मागे जाता येतं. सगळ्या फांद्या सहा वर्षांपूर्वीच्या हर्णैला मिळतात. त्याच्या मागे काही सापडत नाही."

"त्याच्या मागे मी आहे, इस्माईलभाई."

मुकादमांनी चष्मा काढला.

हेमांगीनं सांगून टाकलं. पीएच.डी.साठी तिला कोळी माणसं पुढे पाठवतील असा एक संदेश हवा होता. हर्णैच्या बंदरावर, संध्याकाळच्या लिलावात आईच्या टोपलीशी बसून ती लहानाची मोठी झाली होती. बाहेरचे येऊन मासळी उपसतात, हे गाऱ्हाणं तिथं रोजचंच. तिनं तेच उचललं. उगाच कुणा गावावर आळ नको म्हणून गावाच्या नावाची जागा रिकामी सोडली आणि मच्छीमार सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत संदेश तेवीस हजारांकडे गेला. मग तिनं नियमाप्रमाणे, संदेश संशोधनासाठी रचलेला होता, असा खुलासा पाठवला. तो एकशे चाळीस जणांपर्यंत पोचला.

"आणि मला आनंद झाला," ती म्हणाली. "केवढा सुंदर निष्कर्ष. प्रबंधाला पारितोषिक मिळालं, आईनं बंदरावर पेढे वाटले. ती रिकामी जागाच त्याला सतरा देशांत घेऊन गेली. लसंथाच्या मुलींचा फोटो मी रोज उघडून बघते. बंद करायचं धाडस होत नाही."

"'मूळ अज्ञात' असं लिहू," मुकादम हळूच म्हणाले. "तुम्ही एकट्यानं थोडंच केलंय? लाखो लोकांनी पाठवलंय ते."

तिनं नकारार्थी मान हलवली आणि कबुलीजबाब लिहायला घेतला. आपली चूक, पुढे पाठवणाऱ्यांची चूक, मतं मागणाऱ्यांची लबाडी, सगळं जिथल्या तिथं. संदेश किती पसरेल याचा आधीच अंदाज देणाऱ्या संगणकातल्या प्रतिरूपात मुकादमांनी तो घातला. प्रसारांक आला शून्य पूर्णांक चार.

"यात वाचणाऱ्यालाही दोष दिलाय," ते म्हणाले. "असलं कोण पुढे पाठवतंय? एवढ्यावर निवडणूक रद्द झाली, तर लोक म्हणतील आमची मतं चोरली. आणखी नौका फुटतील."

हेमांगीनं तो कबुलीजबाब बाजूला सारला. मग तिनं चारच ओळी लिहिल्या. 'या बाईनं आपल्या सगळ्यांना फसवलं. मासळीचा तो संदेश तिनं बनवला. हे लपवलं जातंय. पुढे पाठवा.' खाली स्वतःचं नाव आणि फोटो.

प्रसारांक दोन पूर्णांक सहा.

"हेच हत्यार आपण वापरायचं?"

"यात एक अक्षर खोटं नाही. मी लपवलंच होतं."

"जन्माचं नाव जाईल तुमचं."

"जाऊ दे. माझंच आहे."

बुधवारी दुपारी तिनं तो संदेश सोडला. गुरुवारपर्यंत तो सतराही देशांत पोचला. शुक्रवारी न्यायपीठानं निवडणूक रद्द केली आणि कुठंही दगड उचलला गेला नाही. फसवणारा सापडला होता, लोकांचं समाधान झालं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा हेमांगीला हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

नव्या संदेशाची वंशावळ दोघं मिळून लावत असताना आईचा फोन आला. हात कामात होते, म्हणून तिनं तो स्पीकरवर घेतला.

"हेमे, तो मासळीचा मेसेज कुणी बनवला, त्याचा मेसेज आलाय गो सोसायटीच्या ग्रुपवर. सगळी पेटलीत नुसती."

"मला माहीत आहे आई. तुला सांगणारच होते—"

"तुझ्याबरोबर काम करतो ना तो मुकादम, त्याचा फोटो आहे त्यात. आपल्या पोटावर उठला मेला. दापोलीत घर आहे म्हणे त्याचं. पोरं निघालीत तिकडं. तू जप."

हेमांगीनं पडद्याकडे पाहिलं. हर्णैच्या फांदीवर तिचं नाव कुठंच नव्हतं. तिथं पोचल्याच्या पहिल्याच तासात ते गळून पडलं होतं आणि त्या जागी मुकादमांचं आलं होतं.

"आई, ते मी केलंय. मुकादमांनी नाही. मी."

"गप. तू आमची पोर. तू कशी करशील असलं? त्यानंच तुला पुढं केली असेल."

"आई, ऐक. तो संदेश मी स्वतः लिहिलाय—"

"मला नको शिकवू. मीपण पाठवलाय पन्नास जणींना."

मुकादम केव्हाच उठून खिडकीशी गेले होते. फोन कानाला लावून ते बायकोला सांगत होते, मुलांना आत घे आणि दार लावून घे. त्यांनी हेमांगीकडे वळून पाहिलं नाही, आणि त्यांनी पाहावं असं म्हणायचं तोंड तिला राहिलं नव्हतं.