रिकाम्या आसनाचं उत्तर

मुलांना मी भुताच्या गोष्टी सांगत नाही. पण ही गोष्ट नाही. हे मी भर दुपारी, याच कानांनी ऐकलंय.

१९४९ चा ऑक्टोबर. फ्रान्समधलं, शार्त्रजवळचं आमचं विमानाचं मैदान.

माझा धाकटा भाऊ गास्पार लाकूड आणि कापडाचं छोटं विमान बनवत होता. दोन आसनांचं. क्लबातल्या पोरांना हौसेने उडता यावं म्हणून. पहिलं विमान हवेतच बंद पडलं आणि त्याचा चालक आन्सेल्म गेला. त्या दुपारी दुसऱ्या विमानाची परीक्षा होती. परवानगी देणारे पॅरिसचे साहेब आले होते. ते नाही म्हणाले, की कारखाना संपला. चालवायला कुणी धजेना, म्हणून गास्पार स्वतः बसला.

शेजारच्या रिकाम्या आसनाचा पट्टा मीच बांधला. सुटा राहिला तर विमान वळवायच्या दांड्यात अडकतो.

आता आमची एक रीत नीट समजून घ्या. इंजिन सुरू करायला पुढचा पंखा हाताने फिरवायचा. इंजिनाची कळ बंद की चालू, ते फिरवणारा ओरडून विचारतो, बसलेला तोच शब्द परत देतो. उत्तर चुकलं, की पंख्यावरचा हात काढायचा.

पंख्यापाशी म्हातारा मेकॅनिक बार्नाबे होता.

"बंद?"

"बंद!" गास्पार म्हणाला.

बार्नाबेने पंखा सावकाश फिरवून घेतला.

"चालू?"

आणि उत्तर आलं...

"बंद, काका, बंद!"

बार्नाबेने पंख्यावरचा हात काढला.

असं चिडवून उत्तर द्यायची सवय एकाचीच होती.

आन्सेल्मची.

"झोपलात का, काका?" गास्पार ओरडला. "चालू म्हटलं ना मी!"

"तू नाही म्हणालास."

"कालची वाईन बोलतेय तुमची!"

"वाईन मी प्यायलो. मग ही तुझी ताई हर्मिन का पांढरीफटक पडलीय?"

मी पुढे होऊन गास्पारचा हात धरला. "उतर. आज नको रे."

"ताई, साहेब घड्याळ बघतायत. आज नाही तर कधीच नाही. सोड."

बार्नाबेने नाइलाजाने पुन्हा पंखा धरला.

"चालू?"

"चालू!"

या वेळी फक्त त्याचाच आवाज. रिकामं आसन... गप्प.

विमान सुरेख उठलं. साहेबांनी हॅट काढली. बीटच्या शेतांवर ते वळलं...

आणि आवाज थांबला.

इंजिन खोकलं नाही. अडखळलं नाही. कुणी कळ फिरवावी तसं... शांत.

विमान शेतात कोसळलं. आम्ही धावलो.

गास्पार गेला होता. त्याच्या दोन्ही मुठींत दांडा तसाच घट्ट होता. इंजिनाची कळ मात्र 'बंद'वर. ती रिकाम्या आसनाच्या बाजूला असते.

आणि मी बांधलेला तो पट्टा...

तुटला नव्हता. सोडलेला होता.

आन्सेल्म त्याला अडवत होता, की सोबतीला नेत होता? बार्नाबेला मरेपर्यंत उमगलं नाही. मलाही नाही. तिसरं विमान कुणी बनवलं नाही.

पुढे मी शाळेत शिकवलं. अजूनही शनिवारी लहानग्यांना वाचायला शिकवते. हजेरी घेते, पण बाक रिकामा दिसला, की ते नाव उच्चारत नाही.

"बाई, त्याला का नाही विचारलं?" मुलं म्हणतात.

मी पुढचं नाव घेते.

विचारलं आणि उत्तर आलं तर...?